चार्टर शाळेतील प्रवेश: ध्येयवाक्यापासून सनदेच्या सुनावणीपर्यंत

यजमानांच्या कंपनीने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांची पुण्याहून कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे बदली केली, तेव्हा आमची मुलगी सव्वाचार वर्षांची होती. या राज्यात १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला किंडरगार्टनमध्ये, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, प्रवेश मिळतो, त्यामुळे २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिची शाळा सुरू होणार हे निश्चित होते. कोणत्या शाळेत, हे मात्र ठरवायचे होते. राहत्या पत्त्यावरून नेमून दिलेली सरकारी शाळा होतीच, आणि घरापासून फार दूर नसलेली एक चार्टर शाळाही होती. चार्टर शाळेविषयी ओळखीच्या मराठी कुटुंबांकडून जे ऐकायला मिळाले ते परस्परविरोधी होते. कोणी ती खासगी शाळा समजत होते, कोणी हुशार मुलांसाठीची शाळा, तर कोणाच्या मते तिथे ओळखीशिवाय प्रवेशच मिळत नव्हता. यांपैकी एकही गोष्ट खरी नाही. त्या वर्षभरात जे समजले ते पुढच्या पालकांना उपयोगी पडावे म्हणून क्रमाने लिहीत आहे.

चार्टर शाळा ही सरकारी पैशावर चालणारी, शुल्क न घेणारी सार्वजनिक शाळा असते. परंतु तिचा कारभार शाळा-जिल्ह्याऐवजी (म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेऐवजी) स्वतंत्र ना-नफा संस्थेचे संचालक मंडळ पाहते. या मंडळाला शिक्षण कायद्यातील अनेक नियमांतून सूट मिळते आणि त्या बदल्यात आपण कोणाला, काय आणि कसे शिकवू हे एका सनदेत लेखी द्यावे लागते. सनद ठरावीक मुदतीची असते आणि मुदत संपली की दिलेल्या शब्दाचा हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडच्या अनुदानित शाळेशी तिचे काही साम्य असले तरी हा मुदतीचा मुद्दा वेगळा आहे. ही कल्पना अमेरिकेत गाजली ती १९८८ मध्ये, शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांच्या भाषणामुळे. शिक्षकांना प्रयोग करण्यास वाव मिळावा हा तिचा मूळ हेतू होता. पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला आणि कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशा बाराशेहून अधिक शाळा आहेत आणि त्या एकमेकींपासून इतक्या भिन्न आहेत की ‘चार्टर शाळा चांगली की वाईट’ या प्रश्नाला काही अर्थ राहत नाही. पाहावी ती समोरची शाळा.

ऑक्टोबरमध्ये मी शाळेच्या माहिती सत्राला गेले. प्रवेशद्वारापाशी ध्येयवाक्य लावलेले होते आणि त्याखाली तीन मूल्ये: जिज्ञासा, परस्पर आदर आणि सामायिक जबाबदारी. असे फलक कोणत्याही शाळेत दिसतात, म्हणून त्यावरून काही ठरवणे मला शक्य नव्हते. मात्र सत्राच्या अखेरीस मुख्याध्यापिकांनी सांगितले की शाळेची संपूर्ण सनद हा सार्वजनिक दस्तऐवज आहे आणि कोणीही तो मागू शकतो. त्या एका वाक्यामुळे माझा पुढचा सगळा शोध सोपा झाला.

सनदेचा मसुदा काहीशे पानांचा असतो आणि त्यातील बराचसा भाग विमा, लेखापरीक्षण, निवृत्तिवेतन अशा विषयांचा असतो. पालकाने तो सगळा वाचण्याची गरज नाही. कायद्याने सनदेत पंधरा घटक आवश्यक ठरवले आहेत आणि त्यांतील पहिलाच शैक्षणिक कार्यक्रमाचा आहे. त्यात शाळेला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: आपण कोणत्या मुलांना शिकवू इच्छितो, एकविसाव्या शतकात सुशिक्षित माणूस कोणाला म्हणायचे, आणि मूल सर्वांत चांगले कसे शिकते. या शाळेने लिहिले होते की परिसरातील, विशेषतः ज्यांच्या घरी इंग्रजी बोलली जात नाही अशी मुले हे तिचे पहिले कर्तव्य आहे. दोन इयत्तांची मुले एका वर्गात बसतील आणि तेच शिक्षक त्यांना दोन वर्षे शिकवतील. प्रकल्पांतून शिकवले जाईल. आणि मुलांमधील तंटे शिक्षेऐवजी संवादाने सोडवले जातील. दुसरा घटक मोजता येण्याजोग्या निष्पत्तींचा असतो. तिथे पाहायचे ते इतकेच, की पहिल्या घटकात दिलेल्या शब्दाला येथे एखादे मोजमाप आहे का. संवादाने तंटे सोडवण्याचे वचन देणाऱ्या शाळेने निलंबनाचे प्रमाण किती खाली ठेवू हे लिहिले नसेल, तर त्या मूल्याचा पडताळा घेण्याचा मार्गच उरत नाही. या शाळेने ते लिहिले होते. राज्याच्या शिक्षण खात्याच्या स्कूल डॅशबोर्डवर प्रत्येक सार्वजनिक शाळेची निलंबने, दीर्घ गैरहजेरी आणि तिसरीपासूनच्या परीक्षांचे निकाल लालपासून निळ्यापर्यंतच्या पाच रंगांत दाखवलेले असतात. सनद आणि डॅशबोर्ड शेजारी ठेवून वाचले की शाळेचे बोलणे आणि करणे यांतील अंतर पुष्कळसे कळते.

नोव्हेंबरमध्ये शाळेने पालकांना वर्ग पाहण्यासाठी बोलावले. ‘तुमची मूल्ये कोणती’ असे विचारल्यास पाठ केलेले उत्तर मिळते, म्हणून मी एका वर्गशिक्षिकेला विचारले की या मूल्यांमुळे अलीकडे शाळेने कोणता निर्णय बदलला. त्यांनी सांगितले की पूर्वी वर्गात मुलांच्या वागणुकीचा रंगीत तक्ता लावलेला असे आणि दंगा करणाऱ्याचे नाव खालच्या रंगात जाई. चारचौघांत मुलाला खाली ओढणे हे परस्पर आदराच्या विरुद्ध आहे असा आक्षेप शिक्षकांच्याच बैठकीत निघाला आणि दोन वर्षांपूर्वी तो तक्ता सर्व वर्गांतून काढला गेला. पहिले काही महिने वर्ग सांभाळणे अवघड गेले, हेही त्यांनी लपवले नाही. हा प्रश्न मी प्रत्येक पालकाला सुचवीन. नेमलेल्या सरकारी शाळेतही तो तितकाच उपयोगी पडतो.

शाळेच्या संचालक मंडळाची एक सभाही मी पाहिली. २०१९ च्या कायद्यानुसार कॅलिफोर्नियातील चार्टर शाळांच्या मंडळांना खुल्या सभांचे आणि सार्वजनिक अभिलेखांचे नियम लागू आहेत. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी प्रसिद्ध करावी लागते आणि कोणालाही उपस्थित राहून बोलता येते. त्या संध्याकाळी वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी आणखी एक शिक्षिका नेमायची की सहलींच्या बसगाड्यांसाठी तरतूद करायची, यावर दीर्घ चर्चा झाली आणि शिक्षिकेच्या बाजूने मतदान झाले. प्रकल्प आणि सहली हा शाळेचा अभिमानाचा विषय असतानाही मंडळाने पहिले कर्तव्य कोणते याचे उत्तर सनदेत शोधले. माझा निर्णय त्या सभेत झाला.

शाळेची उणी बाजूही सांगितली पाहिजे. तिला स्वतःची इमारत नाही. २००० साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव ३९ नुसार, पात्र चार्टर शाळेला शाळा-जिल्ह्याने आपल्या शाळांच्या तोडीची जागा द्यायची असते. त्यामुळे ही शाळा एका जिल्हा शाळेच्या आवारात, मागच्या बाजूच्या तयार खोल्यांमध्ये भरते. मैदान वेळा वाटून वापरावे लागते, ग्रंथालय लहान आहे, आणि शाळेची बस नाही, म्हणजे मुलाला रोज स्वतः पोचवावे आणि आणावे लागते. ज्या घरी दोघेही ठरलेल्या वेळी कामावर जातात त्यांनी याचा विचार अर्जापूर्वीच करावा.

अर्ज डिसेंबरमध्ये ऑनलाइन भरला. त्याला शुल्क नव्हते. मुलीचे नाव, जन्मतारीख, पत्ता आणि संपर्क एवढेच विचारले होते. मागील प्रगतिपत्रक, चाचणी किंवा मुलाला विशेष साहाय्याची गरज आहे का, असे काही प्रवेशापूर्वी मागण्यास कायद्याने मनाई आहे. माहिती पत्रकात वर्षाकाठी पालकांनी द्यायच्या स्वयंसेवेच्या तासांचा आणि ऐच्छिक देणगीचा उल्लेख होता. तो वाचून अनेक पालक दबतात, विशेषतः ज्यांना तासावर वेतन मिळते ते. स्वयंसेवा ही प्रवेशाची किंवा प्रवेश टिकवण्याची अट असू शकत नाही, आणि शाळेने तसे पालकांना कळवणेही बंधनकारक आहे. आम्ही देणगीचा रकाना रिकामा ठेवला. त्याबद्दल नंतर कोणी चकार शब्द काढला नाही.

जागांपेक्षा अर्ज जास्त आले की जाहीर सोडत काढावी लागते. महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी सोडतीची वाट पाहिलेल्या पालकांना ती घालमेल सांगायला नको. आधीपासून शिकणाऱ्या मुलांना सोडतीत उतरावे लागत नाही, जिल्ह्यातील रहिवाशांना प्राधान्य असते, आणि भावंडांसारखे इतर प्राधान्यक्रम सनदेत नमूद असतात. मार्चच्या मध्यावर सोडत झाली आणि आमची मुलगी प्रतीक्षा यादीत ४१ व्या क्रमांकावर आली. किंडरगार्टनच्या जागा त्याहून फार जास्त नव्हत्या. इतक्या बारकाईने वाचून, पाहून निवडलेली शाळा एका यादृच्छिक क्रमांकाने दूर जावी याचे मला फार वाईट वाटले. त्याच वेळी हेही पटत होते की माझ्यासारखी सनद वाचायला वेळ असलेली आई आणि दोन पाळ्यांत काम करणारी आई या दोघींना सोडतीत एकच चिठ्ठी मिळते, आणि ते तसेच असायला हवे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगते. प्रतीक्षा यादीत नाव असताना नेमलेल्या सरकारी शाळेत नोंदणी करून ठेवावी. ती जागा तुमच्या हक्काची आहे आणि दोन्हीकडे प्रयत्न करण्यात काही गैर नाही. चार्टर शाळेत जागा मिळाली तर मात्र पहिल्या शाळेला त्याच दिवशी कळवावे, कारण शिक्षकांच्या नेमणुका पटावर ठरतात. आम्ही एप्रिलमध्ये नोंदणी केली आणि त्यामुळे लसीकरणाचे काम वेळेत सुरू झाले, जे भारतातून आलेल्या मुलांच्या बाबतीत सर्वांत वेळखाऊ ठरते.

मुलीचा जन्म आणि सुरुवातीच्या लसी माझ्या माहेरी, सांगली जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात झाल्या होत्या. कार्ड पूर्ण भरलेले होते, तरीही येथील यादीशी ते जुळत नव्हते. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस देतात, तर येथे गालगुंडासह तिन्हींची एकत्रित लस लागते आणि तिचे दोन डोस पहिल्या वाढदिवसानंतरचे असावे लागतात. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही. येथे तिचेही दोन डोस लागतात आणि लहान मुलांत त्यांच्यात तीन महिन्यांचे अंतर ठेवतात. एप्रिल २०१६ नंतर तोंडावाटे दिलेले पोलिओचे डोस येथे धरले जात नाहीत, त्यामुळे टोचून द्यायची लस पुन्हा घ्यावी लागली. पहिली फेरी एप्रिलमध्ये आणि कांजिण्यांचा दुसरा डोस जुलैमध्ये झाला. डोस अपुरे असले आणि पुढचा डोस अजून देय नसला तर सशर्त प्रवेश मिळू शकतो, म्हणून उशीर झालेल्यांनी घाबरून जाऊ नये. वैयक्तिक श्रद्धेच्या आधारे लसीतून सूट मात्र २०१६ पासून मिळत नाही. शिवाय सॅन होजे ज्या सांता क्लारा काउंटीत येते तेथे क्षयरोगाच्या जोखमीचा अर्ज डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. भारतात जन्मलेल्या मुलाची चाचणी होतेच. बीसीजी घेतलेल्या मुलाची त्वचाचाचणी फसवी येऊ शकते, म्हणून रक्तचाचणी मागून घ्यावी. लसींना विम्यामुळे काही पडले नाही, रक्तचाचणीचे सुमारे ९० डॉलर भरावे लागले.

जूनच्या अखेरीस चार्टर शाळेतून जागा मिळाल्याचा दूरध्वनी आला. यादी इतकी कशी सरकली असे विचारता कळले की उन्हाळ्यात कुटुंबे गाव बदलतात, काहींना जवळच्या शाळेत जागा मिळते, आणि काही जण मुदतीत उत्तरच देत नाहीत. होकार कळवण्यासाठी दोन दिवसांची मुदत होती. ज्यांना त्या सुमारास भारतात जायचे असेल त्यांनी शाळेला ईमेल पत्ता नक्की द्यावा आणि तो रोज पाहावा. यादी पुढच्या वर्षी चालत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो.

कागदपत्रांत वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालला. रहिवासासाठी भाडेकरार आणि विजेचे बिल दिले. व्हिसाचे कागद किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांक कोणी मागितला नाही आणि तो मागायचाही नसतो. स्थलांतराच्या स्थितीवरून कोणत्याही मुलाला सार्वजनिक शाळा नाकारता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच ठरवून दिले आहे.

याच गठ्ठ्यात घरच्या भाषेविषयी चार प्रश्नांचे एक पान असते, आणि आपल्या लोकांत त्याची विनाकारण भीती आहे. मूल प्रथम कोणती भाषा बोलायला शिकले, घरी कोणती बोलते, पालक त्याच्याशी कोणती बोलतात, आणि घरातील मोठी माणसे आपसांत कोणती बोलतात, असे ते प्रश्न आहेत. ‘मराठी लिहू नका, नाहीतर मुलाला वेगळ्या वर्गात बसवतील’ असा सल्ला मला एकाहून अधिक जणांनी दिला. मी चारही ठिकाणी मराठी लिहिले, कारण तेच खरे होते. त्यानंतर प्रवेशापासून ३० दिवसांच्या आत इंग्रजीची एक प्रारंभिक चाचणी होते. किंडरगार्टनच्या मुलाची ती एकट्याने, बोलत बोलत घेतात. आमची मुलगी इंग्रजी शिकणारी विद्यार्थिनी म्हणून नोंदली गेली. याचा प्रत्यक्ष अर्थ असा, की तिला वर्गातच ठरावीक वेळ इंग्रजीसाठी अधिक मदत मिळते आणि दर वसंतात प्रगतीची चाचणी होते. निकष पूर्ण झाले की नोंद बदलते. तिचा वर्ग बदलला नाही. घरी इंग्रजी न बोलणारी मुले हे पहिले कर्तव्य मानणाऱ्या शाळेत ती नोंद लपवण्यात काय अर्थ होता, आणि आजीशी ज्या भाषेत ती बोलते ती भाषा कागदावर नाकारावी असे मला कधीच वाटले नसते.

ऑगस्ट २०२४ मध्ये शाळा सुरू झाली. २०२२-२३ पासून राज्यातील सर्व सार्वजनिक शाळांत, चार्टर शाळांतही, दोन वेळचे जेवण विनामूल्य आहे. शाकाहारी पदार्थ रोज असतो की नाही हे आधी विचारून घ्यावे. पहिले दोन आठवडे मुलगी शाळेत जवळजवळ बोललीच नाही. सप्टेंबरच्या शेवटी शिक्षिकेने सांगितले की मुले वर्गाच्या बागेत काय पेरावे याची चर्चा करत असताना ती उठली आणि फळ्यावर मेथीचे रोप काढून दाखवले. मेथी पेरली गेली. सनदेतील जिज्ञासा हा शब्द मला त्या दिवशी दिसला.

त्याच हिवाळ्याच्या तोंडावर शाळेच्या सनदेचे नूतनीकरण आले. कोविडच्या साथीच्या काळात कायद्याने अनेक सनदांची मुदत लांबवली होती, ती आता संपत होती. अर्ज दाखल झाल्यापासून ६० दिवसांत जाहीर सुनावणी आणि साधारण ९० दिवसांत निर्णय, असा क्रम असतो, आणि सनदेला मंजुरी देणाऱ्या मंडळाच्या (हे शाळेचे संचालक मंडळ नव्हे) कर्मचाऱ्यांचा अहवाल निर्णयाच्या १५ दिवस आधी प्रसिद्ध होतो. २०१९ च्या सुधारणेनंतर कामगिरीनुसार शाळांचे तीन गट पडतात: वरच्या गटाला पाच ते सात वर्षे, मधल्याला पाच, आणि खालच्या गटातील शाळेचे नूतनीकरण सहसा नाकारले जाते किंवा फक्त दोन वर्षांचे होते.

सुनावणीला मी गेले. शाळेचे पालक रंगीत टी-शर्ट घालून आले होते, आणि दुसऱ्या बाजूला जिल्हा शाळांतील शिक्षक होते. त्यांतील एका ज्येष्ठ शिक्षिकेने शांतपणे सांगितले की परिसरात मुलांची संख्याच घटते आहे, निधी पटाप्रमाणे येतो, आणि प्रत्येक मूल तिकडे गेले की इकडच्या ग्रंथपालाची नोकरी धोक्यात येते. हे म्हणणे खोडून काढण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते आणि नाही. चार्टर शाळा निवडणाऱ्या पालकाने ते ऐकून घेतले पाहिजे.

प्रत्येकाला दोन मिनिटे होती. मी शिक्षकांच्या कामाबद्दल कृतज्ञता व्यक्त केली आणि एक प्रश्न मांडला. सनदेत परिसरातील मुलांचा शब्द दिला आहे, परंतु गेल्या काही वर्षांत नोंदणीत आमच्यासारख्या संगणक क्षेत्रातील कुटुंबांचे प्रमाण वाढले आहे. प्रवेशाची माहिती फक्त इंग्रजीत आणि फक्त ऑनलाइन असेल तर सोडत कितीही निःपक्षपाती असली तरी चिठ्ठ्या टाकणारे बहुतेक आमच्यासारखेच असतील. सनदेत ज्या घटकाखाली परिसराच्या लोकसंख्येशी समतोल कसा राखणार हे लिहिलेले असते, तो घटक मी वाचून दाखवला. शाळेवर प्रेम असताना तिच्याविरुद्ध वाटेल असे बोलणे जड गेले. बाहेर आल्यावर दोन पालक माझ्याशी बोलले नाहीत. मुख्याध्यापिका मात्र थांबल्या आणि तो मुद्दा त्यांनी लिहून घेतला.

जानेवारी २०२५ मध्ये नूतनीकरण पाच वर्षांसाठी मंजूर झाले. त्यासोबतच्या करारात शाळेने दरवर्षी प्रवेशप्रचाराचा अहवाल द्यावा असे ठरले. पुढच्या प्रवेशाचे अर्ज आता स्पॅनिश आणि व्हिएतनामी भाषांतही छापले जातात, जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवले जातात, आणि माहिती सत्रांपैकी एक शनिवारी सकाळी होते. त्या सत्रात नव्या पालकांसाठी मी सनदेच्या पहिल्या घटकाच्या प्रती घेऊन बसते. अर्जाची मुदत नोव्हेंबरपासून सुरू होते.